पन्ह्याचा ताळेबंद

‘समर फेस्टिव्हल’ हे दोन शब्द गारखेड्यात एका दमात उच्चारणारा माणूस एक तर कूलर विकत असला पाहिजे, नाही तर शाळा चालवत असला पाहिजे. उन्हाळा हा उत्सव करण्याचा विषय आहे, हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना आजवर कुणी सांगितलेच नव्हते. उन्हाळा सोसायचा, टाळायचा आणि संध्याकाळी गच्चीवर (पाणी असेल तर) पाणी मारून त्याच्या नावाने खडे फोडायचे, एवढेच आम्ही जाणतो. तिकडे थंड मुलखात गोष्ट वेगळी. वर्षातला बराच काळ सूर्य रजेवर. तो कामावर रुजू झाला की माणसांना नाचावेसे वाटणारच. स्वीडनमध्ये जूनच्या उत्तरार्धात पाना-फुलांनी सजवलेला खांब उभा करून लोक त्याच्याभोवती नाचतात. इंग्लंडातल्या शाळांच्या उन्हाळी जत्रेला भीती असते ती पावसाची. आमचा सूर्य रजाच घेत नाही. आमच्या हेड कॅशियरसारखा तोही बहुधा रजा साठवून शेवटी तिचे पैसे घेणार आहे.

तसा आमच्याकडेही उन्हाळ्याचा एक सण आहेच, पण त्याला कुणी फेस्टिव्हल म्हणत नाही. चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर. त्या महिन्यात एके दिवशी हळदीकुंकू. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि कलिंगडाची फोड. माझी आई अजून हे सगळे साग्रसंगीत करते. येईल ती बाई पन्हे पिऊन जाते. किती आल्या याची मोजदाद नाही, प्रवेशपत्रिका नाही, आणि ‘एका व्यक्तीस एकच पेला’ अशी पाटी नाही. पुढे अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान द्यायचा. ज्या हवेत हे सण जन्मले त्या हवेत तहान हीच माणसाची पहिली अडचण होती, हे उघड आहे.

आता शाळेविषयी. शाळेचे नाव मी सांगणार नाही. सांगितले तर पुढच्या वर्षी फी वाढेल. न सांगितले तरी वाढणारच आहे, पण निदान माझ्यामुळे नको. शाळा आंतरराष्ट्रीय आहे. म्हणजे तसे तिच्या नावात लिहिलेले आहे. सूतगिरणी चौक ओलांडल्यावर आंतरराष्ट्रीय सीमा नेमकी कुठे लागते, ते मला अजून कळलेले नाही. फी भरताना मात्र चलन परकीय असल्यासारखे वाटते खरे. माझी कन्या तिथे सातवीत आणि चिरंजीव तिसरीत. एप्रिलमधल्या एका शनिवारी, सकाळी १० ते दुपारी ३, सहकुटुंब यावे असे बोलावणे आले. पारा त्या दिवशी ४१वर होता. आई, सौ., मी आणि धाकटा, असे आम्ही दुचाकी आणि रिक्षात वाटून निघालो. कन्या सकाळी ७लाच गेली होती, कारण तिचा स्टॉल होता.

आत शिरताच पहिला थांबा कूपनांचा. पैसे चालणार नाहीत, यूपीआय चालणार नाही, फक्त कूपन. किमान २०० रुपयांची घ्यायची आणि उरलेली परत मिळणार नाहीत, असे फलकावर ठळक अक्षरांत. मी बँकेत काम करतो. सरकारी चलनाच्या शेजारी कुणी स्वतःचे चलन काढले की माझे कान आपोआप टवकारतात. पण मग आठवले की आमच्या भागाला हे नवे नाही. १३२७ साली दिल्लीची राजधानी आमच्या दौलताबादला हलवणारा महंमद तुघलक, त्यानेच १३२९-३०च्या सुमारास तांब्या-पितळेचे नाणे काढून ते चांदीच्या भावाने चालवायला लावले. घरोघर टांकसाळी निघाल्या. शेवटी सुलतानाने नमते घेतले आणि लोकांची ती नाणी, खोट्यासकट, खजिन्यातून सोने-चांदी देऊन परत घेतली. इतिहास त्याला वेडा म्हणतो. आमच्या शाळेची व्यवस्था त्याच्यापेक्षा शहाणी म्हणायची, कारण कूपन परत नाही म्हणजे नाही. माझ्या खिशात अजून ३० रुपयांची आहेत.

मैदानाच्या एका कोपऱ्यात टँकर लावून ‘रेन डान्स’ चालला होता. नाथसागराचे पाणी पन्नासएक किलोमीटर नळातून चढत आमच्या शहरात येते आणि आमच्या भागात वर्षानुवर्षे ते आठवड्याने, कधी त्याहून उशिरा आले आहे. त्यामुळे पाणी वरून पडताना पाहिले की आमच्या आईचा हात नकळत बादली शोधतो. तिने तिकडे पाठ केली आणि थेट नातीच्या स्टॉलकडे निघाली.

स्टॉल पन्ह्याचा होता. पन्हे आजीच्या पद्धतीचे: कैरी उकडून, गर काढून, गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ आणि नावापुरते केशर. पाटीवर मात्र ‘रॉ मँगो कूलर – ४०’ असे लिहिले होते, कारण ‘पन्हे’ म्हटले की कुणी ४० रुपये देत नाही, असे शिक्षिकाबाईंचे मत. बाजारपेठेचे ज्ञान म्हणून मला ते मान्य करावे लागले. हा सगळा खटाटोप ‘उद्योजकता’ या विषयाखाली होता. दोन-दोन मुलांनी भागीदारीत स्टॉल लावायचा, भांडवल घरून आणायचे, शाळेला ५०० रुपये जागाभाडे द्यायचे आणि नफा आपसांत वाटून घ्यायचा. सर्वांत जास्त नफा करणाऱ्या जोडीला ढाल आणि प्रार्थनेच्या वेळी कौतुक.

आमच्या कन्येची भागीदार तिच्या वर्गातलीच. तिच्या आईचे पुंडलिकनगरात पोळी-भाजी केंद्र आहे. एकटी बाई पहाटे ४ला उठून दीडशे पोळ्या लाटते आणि मुलीला या शाळेत शिकवते. दोन्ही घरांनी ६६० रुपये घातले. कैऱ्या ४००, गूळ ३६०, केशर-वेलदोडा १५०, बर्फ १३०, पाण्याचे जार १६०, कागदी पेले १२०. एकूण १३२० रुपयांत १२० पेले, म्हणजे पेला ११ रुपयांना पडला. हिशोबाची वही भागीदारणीच्या हाती होती. अक्षर मोत्यासारखे, आणि खाडाखोड नाही. आमच्या शाखेत असे लेजर मी फक्त निवृत्त झालेल्या लोकांचे पाहिले आहे.

दुपारी दीडच्या सुमारास सगळे पन्हे संपले. ३ वाजता निकाल. पहिला आला चॉकलेटच्या कारंज्याचा स्टॉल, निव्वळ नफा २६००. आमच्या मुलींचा २०६०, दुसरा क्रमांक. दुसरा क्रमांक म्हणजे मला उत्तमच वाटला. माझ्या शैक्षणिक आयुष्यात एवढ्या वरच्या आकड्याशी माझा संबंध आलेला नाही. पण भागीदारीण वही उघडून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. पेले १२०. विकले ९७. चार आमच्या धाकट्याने सांडले. त्याला आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात ‘नैसर्गिक घट’ म्हणतात. राहिले १९. या १९ पेल्यांपुढे पैसे नव्हते.

ती अर्धा तास भिंगरीच्या झोक्यांकडे गेली होती. तेवढ्यात आमच्या कन्येने ते वाटले होते. फाटकावरचे दोन वॉचमन, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, बसमधल्या मावश्या, मांडववाल्याची दोन पोरे, ध्वनिक्षेपकाचा माणूस, मैदान झाडणारी बाई. ही सगळी माणसे सकाळपासून उन्हात होती. कूपनाची खिडकी त्यांच्यासाठी नव्हती आणि असती तरी २०० रुपये मोजून ४० रुपयांचे पन्हे पिणारा वॉचमन मी पाहिलेला नाही. त्यांच्या बाटल्यांतले पाणी अंघोळीला काढावे इतके तापले होते. थोरल्या वॉचमनने तर तीन पेले प्यायले म्हणे. हे ऐकून आईने नातीची पाठ थोपटली. सौ.चाही ऊर भरून आला. मीही डोळे पुसायच्या बेतात होतो, एवढ्यात भागीदारीण म्हणाली,

“पण त्यातला अर्धा माझा होता ना!”

आमच्या चौघांचेही चेहरे जागच्या जागी राहिले.

मी रात्रभर या वाक्याशी झगडलो, असे लिहायचा मोह होतो आहे. पण खरे सांगायचे तर अकरालाच झोपलो. मात्र त्याआधी जेवताना घरात जो वाद झाला तो सांगितला पाहिजे.

आई म्हणाली, “पाणी का कुणी मोजून देतं? तहानलेल्याला पाजलं, संपलं.”

(हीच आई टँकर आला की किती बादल्या कुणाच्या पिंपात गेल्या ते बोटांवर मोजते. पण आईला विसंगती दाखवण्याचे वय माझे अजून झालेले नाही.)

मी म्हटले, “आई, पाजलं ते ठीक. पण कुणाचं पाजलं?”

माझा धंदाच या प्रश्नाचा आहे. रोज माझ्या हातून लाखो रुपये जातात आणि त्यातला एकही रुपया मी कुणाला दान करत नाही, हाच माझा सद्गुण. त्याबद्दल मला पगार मिळतो. निराधार योजनेची एखादी म्हातारी काउंटरवर येते, रिक्षाला दहा रुपये कमी पडतात म्हणून घुटमळते. मी उजवा हात स्वतःच्या खिशात घालून दहाची नोट काढली तर तो परोपकार. डावा हात ड्रॉवरमध्ये घालून तीच नोट काढली तर तो अपहार. म्हातारीला दोन्ही नोटा सारख्याच उपयोगी. रिक्षावाला विचारत नाही की ही कोणत्या हाताची. फरक काय तो फक्त माझ्यात पडतो, किंवा पडतो असे ऑडिटर म्हणतात.

“मग दामाजीपंत?” आई म्हणाली.

आमच्या आईशी वाद घालताना संत कुठल्या वळणावर आडवे येतील सांगता येत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी अमलात, दुष्काळात, सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांना खुली केली. धान्य स्वतःचे नव्हते, बादशहाचे होते. माझ्यासारखाच नोकरीतला माणूस; नेमले होते ते कुलूप सांभाळायला. पुढे बिदरहून बोलावणे आले तेव्हा विठोबा महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, सगळी रक्कम भरली आणि रीतसर पावतीही घेतली, अशी कथा आहे. पावती घेतली, हा तपशील मला फार आवडतो. परंतु बँकेच्या नियमावलीत त्रयस्थाकडून अशी भरणा होईल असे गृहीत धरून कोठार उघडण्याची तरतूद नाही. आमच्याकडे विठोबाच्या आधी दक्षता विभाग येतो.

आईने दुसरा मोहरा काढला: पैठणचे नाथ. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेत होते, वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि ते पाणी त्यांनी गाढवाला पाजले. मी म्हटले, “नाथांनी कावड स्वतःच्या खांद्यावर आणली होती. श्रम त्यांचे.” बोललो खरा, पण बोलता बोलताच लक्षात आले की पाणी तरी देवाच्याच नावे काढलेले होते. म्हणजे आमच्या दोन्ही थोर दात्यांनी दुसऱ्याच्या ठेवीलाच हात घातला होता. एकाने बादशहाच्या, एकाने रामेश्वराच्या. एवढेच की नाथांचा ठेवीदार तक्रार करणारा नव्हता. आमच्या प्रकरणातली ठेवीदार सातवीत शिकते आणि तिची तक्रार अगदी रास्त आहे. ज्या बाईची कमाई पोळीमागे मोजली जाते, तिच्या भांडवलातून आमच्या लेकीने पुण्य केले होते. बरे, पुण्य तरी चोख असावे? चौकशीअंती असे निष्पन्न झाले की त्या १९ पेल्यांतले दोन आमच्या साडूंनी प्यायले. ते मुलाला न्यायला स्वतःच्या गाडीतून आले होते. गाडीला एसी आहे. ते गरजू होते असे कोणत्याही पुराव्याने सिद्ध करता येत नाही.

भागीदारीचा कायदा मला पाठ आहे. वाणिज्य शाखेने मला जे थोडेसे दिले त्यातला हा एक ऐवज. भारतीय भागीदारी कायदा, १९३२. कलम ९ सांगते की भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने आणि इमानाने वागावे व खरा हिशोब द्यावा. कलम ३० सांगते की अज्ञान व्यक्तीला भागीदार होता येत नाही. फक्त फायद्यात सामील करून घेता येते. कायदा लिहिणाऱ्यांच्या घरी सातवीतल्या मुली असाव्यात, कारण मुलांचा आणि तोट्याचा संबंध येऊ नये ही इच्छा बापाचीच असू शकते.

मग मलाही एक संत सापडला आणि तो आमच्या वाणिज्य शाखेचा निघाला. तुकोबा. देहूचे महाजन, दुकानदार, सावकारीचे घर. विरक्ती आल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळेच ऐकत आलो. पण परंपरा त्यातला एक तपशील सांगते, तो आपण घाईत गाळतो. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, माझे काय? तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी कान्होबांच्या हाती दिली. फक्त आपली निम्मी नदीत टाकली. त्या क्षणी ज्या माणसाला सगळा संसारच फोल वाटत होता, त्याने भावाचा हिस्सा मात्र फोल धरला नाही. विरक्ती स्वतःच्या वाट्यापुरती. मला हे नदीत टाकण्यापेक्षाही मोठे वाटते, आणि कॉमर्सच्या पाठ्यपुस्तकात ते का नाही याचे नवल वाटते.

मी हे सगळे कन्येला रंगवून सांगितले. म्हटले, “द्यायचं ते आपल्या अर्ध्यातलं द्यावं.”

तिने शांतपणे वरणभात कालवला. म्हणाली, “म्हणजे वॉचमनकाकांना अर्धा ग्लास द्यायचा होता का, बाबा?”

कान्होबाने हा प्रश्न विचारला नव्हता, म्हणून तुकोबांचे निभावले. खते वाटता येतात, तहान कशी वाटणार? साडेनऊ पेले वाटून ती थांबली असती, तर झाडणाऱ्या बाईला ‘माझा हिस्सा संपला, भागीदारीण येईपर्यंत थांबा’ असे सांगावे लागले असते, आणि मग मीच तिला कारकून म्हटले असते. आमच्या घरात तो शब्द कौतुकाचा नाही, हे मला ठाऊक आहे.

आई म्हणाली, “तिला आधी विचारायचं होतं, एवढंच.” यावर कन्या म्हणाली, “ती झोक्यात होती, आणि काकांना चक्कर येत होती.” सौ. इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “मग नंतर तरी सांगायचं. वहीत दिसेपर्यंत का थांबलीस?” याला मात्र कन्येपाशी उत्तर नव्हते. तिने ताटाकडे पाहिले. माझ्या मते त्या दिवसातला खरा गुन्हा कुणी शोधला असेल तर सौ.ने, तोही ना संत काढता ना कायदा.

रविवारी सकाळी कन्या, मी आणि एक पाकीट असे तिघे पुंडलिकनगरात गेलो. शिक्षिकाबाईंनी मुलींच्या वहीत शेरा मारला होता: ‘१९ × ४० = ७६० तोटा’. त्यातला निम्मा, ३८० रुपये, कन्येने आपल्या नफ्यातून पाकिटात घातला होता. तिच्या वाट्याला आलेले १०३० रुपये हीच तिची आयुष्यातली पहिली कमाई, आणि पाकीट देताना तिचा हात जरा रेंगाळला हे मी पाहिले. आत मुली भेटल्या. आधी दोघी दोन दिशांना पाहत होत्या. मग कन्या पुटपुटत “सॉरी” म्हणाली, मग झोक्याचा विषय निघाला. त्या वयात तेवढे पुरते.

भागीदारणीची आई पोळपाटावरून हात न काढता बोलत होती. मी शेरा दाखवला. तिने एक नजर टाकली.

“चाळीसनं का धरलं, भाऊ?”

“विक्रीची किंमत आहे ती, ताई.”

“विकले कुठं? जे हातात आलंच नाही ते बुडालं कसं म्हणायचं? घरचं गेलं तेवढं गेलं. अकरानं धरा.”

माल खरेदीच्या किमतीला धरावा की बाजारभावाला, तर दोहोंतली जी कमी ती, हे तत्त्व शिकायला मला तीन वर्षे आणि दोन प्रयत्न लागले होते. बाईंनी पोळी उलटता उलटता ते सांगितले. १९ गुणिले ११, २०९. निम्मे, १०४ रुपये ५० पैसे. तिने पाकिटातून शंभराची नोट घेतली, उरलेले पैसे कन्येच्या हातात परत ठेवले आणि वरचे साडेचार सोडले. ते का सोडले, हे तिने सांगितले नाही. सुट्टे नव्हते म्हणूनही असेल. घेतलेली नोट मात्र तिने डब्यात टाकण्याआधी उजेडात धरून पाहिली. मी बँकेतला आहे हे माहीत असूनही पाहिली, याचे मला बरे वाटले.

निघताना ती मुलीला म्हणाली, “पुढच्या वर्षी दहा ग्लास आधीच बाजूला काढा. वहीत लिहून काढा.” मग माझ्याकडे वळून, “आणि फाटकापाशी एक माठ ठेवायला काय जातं हो शाळेचं?”

मी शाळेला तसे पत्र दिले आहे. पोच मिळाली, माठ अजून दिसला नाही.

राहता राहिले साडू. दोन पेले, ११ रुपयांप्रमाणे २२ रुपये. मी त्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते खूप हसले आणि म्हणाले, पन्हे जरा गोड झाले होते. ते येणे मी अजून बुडीत धरलेले नाही.